लाल दिवा, ऑक्सिजनची टाकी आणि अप्पांचा पाय

अमळनेरजवळच्या गावातून एका ताईंनी विचारलं आहे. वडिलांचं, म्हणजे अप्पांचं, वय ६३. मधुमेह १४ वर्षांपासून, विडी त्याहून जुनी. चैत्रात वणीच्या गडावर पायी गेले, तेही अनवाणी. परत आले ते उजव्या अंगठ्याखाली फोड घेऊनच. चार महिने झाले, जखम भरत नाही. एका वेलनेस सेंटरनं पॅकेज सांगितलंय: आधी वीस मिनिटं लाल दिवा, मग तासभर ऑक्सिजन चेंबर, अशी ४० सिटिंग. दोन्ही एकत्र घेतलं की परिणाम दुप्पट, शिवाय आईचे गुडघे आणि ताईंची त्वचाही सुधारेल. पैसे भरायला घरातलं थोडं सोनं मोडायची तयारी आहे. भरावेत का?

ताई, सोनं आत्ता मोडू नका. आधी अप्पांच्या पायाची नाडी कोणी पाहिली आहे का, ते सांगा.

तुमच्या पत्रात साखरेचे आकडे आहेत, ड्रेसिंगची बिलं आहेत, तीन प्रकारच्या अँटिबायोटिकची नावं आहेत. पायाच्या नाडीबद्दल एक ओळ नाही. मी तरुणपणी काही वर्षं मुंबईत हायपरबॅरिक युनिटमध्ये काम केलं आणि गेली बावीस वर्षं जळगावात मुख्यतः असेच पाय पाहतो. माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये ही ओळ बहुतेक वेळा गायब असते. तुम्ही विचारलेल्या दोन्ही उपचारांचं भवितव्य मात्र तिच्यावरच ठरतं.

ऑक्सिजन चेंबर नेमकं काय करतं ते आधी बघू. आपण साध्या हवेत श्वास घेतो तेव्हा जवळजवळ सगळा ऑक्सिजन रक्तातल्या हिमोग्लोबिनवर बसून जातो. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात, विरघळलेला ऑक्सिजन १०० मिलीमागे जेमतेम ०.३ मिली असतो. दाब वाढवला की द्रवात वायू जास्त विरघळतो. सोड्याच्या बाटलीत हेच तत्त्व असतं. तिप्पट वातावरणीय दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर तोच आकडा ६ मिलीच्या आसपास जातो. शांत बसलेल्या शरीराची गरज तेवढ्यावर भागू शकते. १९६० साली ॲम्स्टरडॅमच्या बोरेमा या शल्यचिकित्सकानं डुकरांच्या रक्तातल्या लाल पेशी जवळजवळ संपवल्या आणि त्यांना दाबाच्या खोलीत जिवंत ठेवून दाखवलं. या शास्त्राचा आधुनिक काळ तिथून सुरू झाला असं आम्ही मानतो.

पण हा विरघळलेला ऑक्सिजनही वाहतो रक्तातूनच. पाटाला पाणी कितीही सोडा, मध्ये बांध फुटलेला किंवा पाट गाळानं बुजलेला असेल तर शेवटच्या वाफ्यापर्यंत ते पोचत नाही. गुडघ्याखालची धमनी बंद असेल तर चेंबरमधला महागडा ऑक्सिजन अप्पांच्या डोक्याला, हाताला, पोटाला मिळेल. अंगठ्याला फारसा मिळणार नाही. त्या अवस्थेत आधी धमनी उघडायची असते, बलूननं किंवा बायपासनं. चेंबरचा विचार त्यानंतर, आणि तोही गरज उरली तरच.

'ऑक्सिजन चेंबर' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. रुग्णालयातलं चेंबर जाड ॲक्रिलिकचं किंवा पोलादाचं असतं. त्यात २ ते २.५ वातावरणीय दाब देतात, म्हणजे समुद्रात १० ते १५ मीटर खोल गेल्यासारखं, आणि श्वास शुद्ध ऑक्सिजनचा असतो. वेलनेस सेंटरमध्ये बहुधा चेन लावलेली फुगवायची पिशवी असते, तिचा दाब १.३ असतो. आता साधं गणित करा. हवेत २१ टक्के ऑक्सिजन, त्याला १.३ नं गुणलं की २७ येतात. वॉर्डात नाकाला नळी लावून दोन लिटरवर ऑक्सिजन सोडला तरी जवळपास एवढाच मिळतो. पिशवीत कॉन्सन्ट्रेटरचा मास्क दिला तर आकडा वाढतो, पण रुग्णालयातल्या चेंबरची बरोबरी होत नाही. अमेरिकेत अशा पिशव्यांना मान्यता मिळाली ती उंच डोंगरावर होणाऱ्या विकारासाठी, गिर्यारोहकांकरता. जखमेसाठी नाही. तेव्हा सेंटरला फोन करून एवढंच विचारा, 'दाब किती एटीए?' (एटीए म्हणजे वातावरणीय दाबाच्या किती पट.) उत्तर १.३ आलं, किंवा 'तुम्ही काळजी करू नका, मॅडम' असं आलं, तर पुढचं बोलायची गरज नाही.

खऱ्या चेंबरची कामं ठरलेली आहेत. पाणबुड्यांना होणारा दाब उतरण्याचा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, गॅस गँग्रीन, अचानक आलेला बहिरेपणा, रेडिएशननंतर खराब झालेलं हाड किंवा मूत्राशय, आणि खोलवर गेलेली मधुमेही जखम. या यादीत तरुण दिसणं नाही, थकवा नाही, 'डिटॉक्स' तर नाहीच. तरुण होण्याची जाहिरात कुठून आली तेही सांगतो. २०२० साली इस्रायलमध्ये ६४ वर्षांवरच्या ३५ जणांना ६० सत्रं दिली आणि त्यांच्या रक्तातल्या काही पेशींचे टेलोमिअर, म्हणजे वयानुसार आखूड होत जाणारी गुणसूत्रांची टोकं, २० टक्क्यांहून जास्त लांबल्याचं प्रसिद्ध झालं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मोजलं ते रक्तातल्या पेशींत, माणूस किती जगला ते नाही. त्यांनी वापरलेलं चेंबर २ एटीएचं होतं. आपल्याकडे तो अभ्यास १.३ च्या पिशवीवर चिकटवलेला दिसतो.

मधुमेही पायाबद्दल मात्र गंभीर चाचण्या झाल्या आहेत, आणि त्यांचं एकमत नाही. स्वीडनमध्ये २०१० साली ९४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात चेंबरमध्ये ऑक्सिजन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांच्या जखमा वर्षभरात भरल्या. चेंबरमध्येच, पण नुसती हवा घेतलेल्यांत २९ टक्के भरल्या. तिथली सत्रंही ४० होती, आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे. तुमच्या सेंटरचा चाळीसचा आकडा बहुधा इथूनच आला असावा. नंतर २०१६ ची कॅनडातली आणि २०१८ ची नेदरलँड्समधली चाचणी आली, आणि पाय कापण्याचं प्रमाण कमी झाल्याचं त्यांत ठळकपणे दिसलं नाही. माझं स्वतःचं मत या दोन्हींच्या मधलं आहे. निवडलेल्या रुग्णाला उपयोग होतो. तो निवडायचा कसा? पायाच्या कातडीवर एक छोटा सेन्सर चिकटवून तिथला ऑक्सिजन मोजता येतो. चेंबरमध्ये असताना तो आकडा २०० च्या वर गेला तर जखम भरायची शक्यता चांगली. रेंगाळला तर ४० सिटिंग म्हणजे ४० वेळा केलेला प्रवास. आणि अमळनेरहून तो प्रवास काही छोटा नाही. नाशिक, पुणे, मुंबई किंवा सुरत, जिथं खरं चेंबर असेल तिथं दोन महिने खोली घेऊन राहावं लागतं. चेंबरच्या बिलाहून हा खर्च घराला जास्त टोचतो, हे मी पाहिलंय.

आता लाल दिवा. त्याची हकीकत गमतीची आहे. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर हे डॉक्टर लेझरनं कर्करोग होतो का ते पाहत होते. उंदरांच्या पाठीवरचे केस भादरून त्यांनी लाल लेझर सोडला. कर्करोग झाला नाही, केस मात्र लवकर उगवले. तेव्हापासून साधारण ६३० ते ६७० नॅनोमीटरचा लाल आणि ८१० ते ८५० चा डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश जखम, वेदना, सूज यांवर वापरून पाहिला जातो. पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) आहे. ऑक्सिजन शेवटी तिथंच खर्ची पडतो, आणि हा प्रकाश तेच शोषून घेतं असं मानतात.

या दिव्याचं सगळं गुपित मात्रेत आहे. मात्रा जूलमध्ये मोजतात. दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॅट देणारा दिवा एका मिनिटात ३ जूल देतो, वीस मिनिटांत ६०. जखमांवरच्या अभ्यासांत मात्रा बहुधा एकेरी आकड्यातली असते. कपाशीला युरिया जास्त पडला की नुसती पानं माजतात आणि बोंडं लागत नाहीत, तसंच इथं आहे: थोड्या प्रकाशानं पेशी जागी होते, फार दिला की तीच मंदावते. दिवा हातभर लांब ठेवला तर आकडे पार बदलतात. ड्रेसिंगवरून किंवा बीटाडिननं तपकिरी झालेल्या जखमेवर दिवा धरला तर प्रकाश वरच अडतो. सेंटरमधल्या किती जणांना हे विचारलंत तर सांगता येईल?

आणि एक गल्लत फार घातक आहे. फिजिओथेरपीत शेकायला वापरतात तो लाल दिसणारा इन्फ्रारेड दिवा वेगळा. तो उष्णता देतो. यावलकडचे एक केळी बागायतदार माझ्याकडे आले होते, पायाला बधिरपणा. कुठंतरी त्यांना 'रेड लाइट' म्हणून याच दिव्यासमोर वीस मिनिटं बसवलं होतं. त्यांना काहीच जाणवलं नाही. सकाळी पावलावर चार बोटं रुंद फोड. पायाला संवेदना असलेला माणूस पाचव्या मिनिटाला पाय ओढून घेतो, बधिर पायाचा माणूस छान वाटतंय म्हणत बसून राहतो. अप्पांना फोड येईपर्यंत अनवाणी चालताना दुखलं नाही, यावरून त्यांचा पाय बधिर आहे हे मी इथं बसून सांगू शकतो.

लाल प्रकाशाचा सगळ्यात भक्कम उपयोग आपल्या भागात कोणी सांगतच नाही, म्हणून जाता जाता लिहितो. तंबाखू-गुटख्यानं तोंडाचे कर्करोग आपल्याकडे ढिगानं आहेत. त्यांना रेडिएशन चालू असताना तोंड सोलवटतं, पाणी गिळवत नाही. ते टाळण्यासाठी ठरलेल्या मात्रेत तोंडात प्रकाश देण्याची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. तिथं दिवा कर्करोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरतात. गाठीवर स्वतःहून दिवा धरायचा नाही. त्याच रुग्णांच्या जबड्याच्या हाडासाठी चेंबरही वापरत आले आहेत. पण रेडिएशननंतर दात काढताना हाड खराब होऊ नये म्हणून चेंबर द्यायची जी जुनी पद्धत होती, तिला २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत फायदा दिसला नाही. आम्हीही त्यातून शिकलो. मी स्वतः ती पद्धत वर्षानुवर्षं सांगत होतो.

मग दोन्ही एकत्र? कल्पना वेडगळ नाही. त्या विकरावर नायट्रिक ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांची जागेसाठी ओढाताण चालते. प्रकाश नायट्रिक ऑक्साइडला तिथून उठवतो असा एक सिद्धांत आहे, आणि रिकाम्या जागेवर बसायला चेंबर ऑक्सिजन पुरवतं. ऐकायला सुरेख आहे. अमेरिकेतल्या हॅरी व्हेलन यांच्या गटानं २००१ साली हे करूनही पाहिलं. नासानं अवकाशात रोपं वाढवायला बनवलेले एलईडी त्यांनी वापरले, उंदरांच्या रक्तपुरवठा तोडलेल्या जखमांवर कधी नुसता प्रकाश दिला, कधी नुसतं चेंबर, कधी दोन्ही. एकत्र दिल्याचा परिणाम चांगला दिसला. पण उंदीर तो. त्याला चौदा वर्षांचा मधुमेह नव्हता, विडी नव्हती, आणि रोज त्याच अंगठ्यावर सत्तर किलोचा भार टाकून तो शेतात जात नव्हता. तिथपासून 'माणसाला दुप्पट' इथपर्यंत उडी सेंटरनं मारली आहे. 'दुप्पट' या शब्दाला आधार नाही.

तरीही कोणाला दोन्ही घ्यायचं असेल तर माझी पद्धत अशी: प्रकाश चेंबरच्या बाहेर, ड्रेसिंग बदलताना, जखम सलाइननं धुऊन उघडी असताना, मात्रा लिहून ठेवून, डोळ्यांना चष्मा लावून. चेंबर वेगळ्या वेळी. दिवा चेंबरच्या आत न्यायचा नाही, बॅटरीवरचा असला तरी नाही. 'दोन्ही एकाच वेळी' अशी सोय कोणी आतल्या पट्ट्या दाखवून सांगितली, तर तिथून उठून या.

कारण आग. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली की विझवायला वेळ मिळत नाही. १९९७ मध्ये मिलानच्या एका रुग्णालयातल्या चेंबरमध्ये ११ जण गेले. ३१ जानेवारी २०२५ ला अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय इथं पाच वर्षांचा मुलगा चेंबरमध्ये जळून गेला. म्हणून आमच्या युनिटमध्ये आत जाण्याआधी सगळे कपडे बदलून सुती गाउन द्यायचो. नायलॉनची साडी नाही, मोबाइल नाही, काडेपेटी नाही, बाम नाही, डोक्याला तेल नाही. खानदेशातल्या माणसाला डोक्याला तेल न लावता घराबाहेर काढणं किती अवघड, ते आमच्या सिस्टरना विचारा. कपाशीच्या मुलखातून आलेले लोक, पण अंगावर अस्सल सुती कापड दहात एकाच्या असायचं.

बाकी त्रास कमी गंभीर, तरी आहेत. कानांना दडे बसतात. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावला येताना बसतात तसेच, पण जोरात. नाक दाबून हलकं फुंकायला शिकवावं लागतं. जमलं नाही तर पडद्याला इजा होते. साखर आतल्या आत उतरते. आम्ही १२० च्या खाली असलेल्याला आधी खायला द्यायचो, मग आत सोडायचो. क्वचित फिट येते. काहींची दूरची नजर काही आठवडे अंधुक होते. आणि अप्पांची विडी: जुन्या विडीबाजाच्या फुप्फुसात हवेचे फुगे असू शकतात, दाब उतरताना ते फुटले तर जीव धोक्यात येतो. छातीचा एक्स-रे न पाहता चेंबरमध्ये घालणाऱ्या ठिकाणी मी माझा शत्रूही पाठवणार नाही. शिवाय एका बाजूला पैसे मोजून ऑक्सिजन घ्यायचा आणि बाहेर येऊन विडीनं त्याच धमन्या आवळायच्या, याला काय म्हणावं? तुम्हीच त्यांना विचारा, लेकीचं ऐकतात.

आता अप्पांसाठी काय करायचं ते.

या आठवड्यात पायाच्या धमन्यांचा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करा. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर काढतात. ०.९ च्या खाली असेल तर रक्तपुरवठा कमी. पण मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येतो, १.३ च्याही वर जातो, म्हणून अंगठ्याचा दाब वेगळा मोजायला सांगा. जखमेत बोथट सळी घालून हाड लागतंय का ते पाहणं आणि साधा एक्स-रे. हाडात पू असेल तर अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या बदलून काही होत नाही, हे एव्हाना तुम्ही अनुभवलंच आहे. कडेची जाड, मेलेली कातडी दर आठवड्याला कापून काढावी लागते.

आणि भार. अंगठ्याखालची जखम न भरण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण भार हेच, आणि त्यावर कोणी पॅकेज काढत नाही, कारण त्यात कमाई नाही. ड्रेसिंग उत्तम, औषध उत्तम, आणि माणूस त्याच पायावर उभा राहून गुरांना चारा टाकतोय. मी गुडघ्याखाली प्लास्टर घालतो, सहा-आठ आठवडे, दर आठवड्याला बदलून. रक्तपुरवठा ठीक असेल आणि पू नसेल, तर अंगठ्याखालच्या बऱ्याच जखमा यातच भरताना मी पाहिल्या आहेत, ना दिवा ना टाकी. पहिल्या दिवशी प्रत्येक शेतकरी मला सांगतो की प्लास्टर घालून त्याला चालणार नाही, पेरणी आहे, वेचणी आहे, केळीचा घड कापायचा आहे. पारोळ्याचे एक आजोबा तपासणीच्या टेबलावर बसून म्हणाले, "डॉक्टर, मना पाय वाची का, तेवढं सांग." मी म्हटलं, बाबा, दोन महिने वावरात गेला नाहीत तर वाचेल. ते गेलेच. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर चिखलानं भरून आलं, आत पऱ्हाटीचा काटका अडकलेला. पुन्हा घातलं. पाच महिने लागले, पण पाय राहिला.

हे सगळं करून, धमनी उघडी असताना, भार काढलेला असताना, चार-सहा आठवड्यांत जखम निम्मी झाली नाही, किंवा हाडापर्यंत गेली, तर खऱ्या चेंबरसाठी मीच चिठ्ठी लिहून देईन. तेव्हा सोन्याचा विचार करू.

आईच्या गुडघ्यांना ठरलेल्या मात्रेतल्या लेझरनं काहींना दुखणं कमी होतं; मांडीच्या स्नायूंचे व्यायाम त्याआधी. चेंबरचा गुडघ्यांशी संबंध नाही. तुमच्या त्वचेला दिव्यानं थोडाफार फरक पडेल, खानदेशच्या उन्हात टोपी आणि सनस्क्रीननं जास्त पडेल.

डॉपलर झाला की रिपोर्ट घेऊन अप्पांना घेऊन या. येताना ते रोज शेतात घालतात तीच चप्पल आणा, माझ्यासाठी नवी घेऊ नका. तळव्याला कुठं झिजली आहे ते मला पाहायचं आहे.